डीएचसीपी सर्व्हरद्वारे नेटवर्क गेटवेची स्वयंचलित संरचना : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस २०१५ मध्ये ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंत तार पोहोचविणे हे तिचे उद्दिष्ट होय. तथापि तार पोहोचली म्हणजे सेवा सुरू झाली असे नव्हे. तारेच्या टोकावरील गेटवे उपकरणाची संरचना कोणीतरी करावी लागते. १६ तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी वा उमरखेड येथील प्रत्येक बिघाडासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून तंत्रज्ञ पाठविणे खर्चिक ठरते. परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवशी हा विलंब विद्यार्थ्यांना भोवतो. यावर डीएचसीपी हा एक उपाय आहे.

कार्यपद्धती :
१९९३ मध्ये प्रथम प्रमाणित झालेल्या या नियमावलीची आजची मूळ रचना १९९७ ची आहे. नवे उपकरण सुरू होताच ‘सर्व्हर आहे काय?’ अशी हाक देते; सर्व्हर पत्ता देऊ करतो; उपकरण तो मागते; सर्व्हर मान्यता देतो. हाकेसोबत पर्याय क्र. ६० द्वारे उपकरण आपला प्रकार कळविते. उत्तरात पर्याय क्र. ६६ मधून फाईल सर्व्हरचे नाव व ६७ मधून फाईलचे नाव मिळते. म्हणजेच डीएचसीपी स्वतः संपूर्ण संरचना करीत नाही. ती कोठे आहे एवढेच सांगतो. उपकरण ती फाईल उतरवून घेते व स्वतःस लागू करते.

ही हाक स्थानिक जाळ्यापुरतीच मर्यादित असते. म्हणून यवतमाळ येथील एका सर्व्हरने तालुक्यांना सेवा द्यावयाची असल्यास प्रत्येक दूरस्थ जाळ्यात हाक पुढे पाठविणारा मध्यस्थ, म्हणजे रिले, आवश्यक ठरतो. पर्याय क्र. ८२ द्वारे मागणी कोणत्या जोडणीवरून आली हेही तो कळवू शकतो. त्यामुळे जळालेल्या गेटवेच्या जागी नवे बसविले तरी त्या ठिकाणाची योग्य फाईल देता येते.

दक्षता :
१) टीएफटीपी पद्धतीत फाईल उघड्या स्वरूपात जाते, तीत पासवर्ड ठेवू नयेत. शक्य तेथे प्रमाणपत्राधारित एचटीटीपीएस वापरावे.
२) मूळ डीएचसीपीत सर्व्हरची ओळख पडताळली जात नाही. बनावट सर्व्हर रोखण्यासाठी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग सुरू ठेवावे.
३) वीज परतताच अनेक उपकरणे एकदम पत्ता मागतात. त्या वेळी सर्व्हरच बंद असल्यास सारेच अडते. म्हणून यूपीएस व पर्यायी सर्व्हर हवा.
४) शेवटची यशस्वी संरचना उपकरणात जतन व्हावी.

समारोप :
या पद्धतीत कौशल्य एका ठिकाणी एकवटते, तशी चूकही. सदोष फाईल एकाच वेळी सर्व केंद्रे बंद पाडू शकते. म्हणून प्रत्येक बदल प्रथम एका गेटवेवर तपासावा व नंतरच सर्वत्र लागू करावा. ग्रामीण महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी हा प्रयोग प्रात्यक्षिकात घेतल्यास स्थानिक तंत्रज्ञ तयार होतील, असे वाटते.