चौदा तास अभ्यास करूनही लक्षात का राहत नाही?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी किंवा छातीत धडधड होते म्हणून दवाखान्यात येतात. तपासणीत बहुतेकदा फारसे काही सापडत नाही. झोप किती होते, असे विचारले की उत्तर येते, "चार-पाच तास. आता झोपून कसं चालेल, डॉक्टर?" मग निघता निघता खरी तक्रार बाहेर येते: "वाचलेलं लक्षातच राहत नाही."

यावर अनेक जण स्मरणशक्तीचे टॉनिक मागतात. त्यावर पैसे घालवू नका. अडचण बहुधा अभ्यासाच्या वेळापत्रकात असते.

दिवसभरात वाचलेले आधी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने साठवले जाते. गाढ झोपेत मेंदू या नोंदी पुन्हा पुन्हा चाळतो आणि त्या हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्क्या बसतात. म्हणजे रात्री एक ते चार जागून नवा धडा वाचताना, आधीचे धडे पक्के होण्याचा वेळच आपण खर्च करत असतो.

जागरणाचा दुसरा तोटा लगेच दिसतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे! सकाळी सहाला उठलेला विद्यार्थी रात्री अकराला या अवस्थेत पोहोचतो, आणि नेमका तेव्हा अवघड विषय उघडतो.

मग कमी तासांत जास्त कसे साधायचे? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की, एकाच बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांच्या अंतराने विभागलेले पाठांतर कमी कष्टात टिकते. राज्यघटनेतील कलमे एका दिवशी चार तास घोकण्याऐवजी चार दिवस एकेक तास करा. पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहून पाहा. तोच उतारा पुन्हा रंगीत पेनाने रंगवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. साधारण ५० मिनिटांनी उठा, दहा मिनिटे चाला. या वेळात मोबाइल पाहिला, तर ती विश्रांती होत नाही.

थोडा ताण मात्र हवाच. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, काम अवघड असेल तर जास्त दबावाने शिकणे मंदावते. ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक आठवण्याच्या क्रियेत अडथळा आणते. पाठ असलेले उत्तर परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही आणि बाहेर आल्यावर आठवते, त्यामागे हे एक कारण असते. अशा वेळी श्वास सावकाश, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते. दोन-तीन मिनिटांत फरक जाणवतो.

प्रौढांना किमान सात तास, तर तेरा ते अठरा वयातील मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. कॉफीतील कॅफीन निम्मे कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा. आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण सुट्टी घ्या. पालकांनीही "शेजारचा मुलगा सोळा तास बसतो" हे वाक्य तेवढे बंद करावे. अभ्यासिकेच्या खुर्चीत सोळा तास बसणे आणि सोळा तास अभ्यास होणे यात मोठा फरक असतो.

वेळापत्रक बदलूनही आठवड्यातून तीन रात्री किंवा अधिक झोप लागत नसेल, वजन कमी होत असेल, धडधड थांबत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेणे अशा वेळी योग्य ठरते. सतत उदास वाटणे, जगू नये असे विचार येणे हे मात्र निकालापर्यंत लांबवू नका. त्याच दिवशी घरच्यांशी बोला, किंवा शासनाच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत असून २४ तास सुरू असते.