खोटं गाव, खोट्या जाहिराती आणि खरं घड्याळ

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात, मॅकॅलेस्टर कॉलेजच्या सभागृहात, ६ जुलै १९७४च्या शनिवारी ‘अ प्रेअरी होम कम्पॅनियन’ या रेडिओ कार्यक्रमाचा पहिला प्रयोग झाला. तिकीट मोठ्यांना एक डॉलर, लहानांना पन्नास सेंट. प्रेक्षक जेमतेम बारा. तोवर टीव्हीने अमेरिकेत घराघरांत बस्तान बसवलं होतं. रंगमंचावर गाणी, गप्पा, प्रहसनं एकत्र करायची आणि ती तिथूनच थेट प्रक्षेपित करायची, ही रेडिओची जुनी रीत जवळपास मोडीत निघाली होती. ती गॅरिसन कीलर यांनी उचलली आणि मधली काही वर्षं सोडली तर २०१६पर्यंत चालवली. कार्यक्रम भरात असताना दर आठवड्याला सुमारे चाळीस लाख लोक तो ऐकत.

कीलर मूळचे लेखक. नॅशव्हिलला १९२५पासून चालत आलेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ जलशावर त्यांनी १९७४मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकासाठी लेख लिहिला. असं काहीतरी आपल्याकडेही व्हावं, हे त्यांच्या मनाने तिथेच घेतलं. नाव मात्र मुअरहेड गावातल्या ‘प्रेअरी होम’ या दफनभूमीवरून उचललं. मोडीत निघालेल्या प्रकाराला पुन्हा उभं करायचं आणि नाव घ्यायचं दफनभूमीचं, हा कीलर यांच्या विनोदाचा खास मासला.

१९७८पासून कार्यक्रमाचा मुक्काम सेंट पॉलच्या वर्ल्ड थिएटरमध्ये होता. १९१०मध्ये बांधलेल्या या नाट्यगृहाला पुढे १९९४मध्ये, याच शहरात जन्मलेल्या एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराचं नाव मिळालं. हा स्थानिक मामला देशभर ऐकला जाईल, यावर नॅशनल पब्लिक रेडिओचा विश्वास नव्हता. तेव्हा मिनेसोटा पब्लिक रेडिओने १९८०पासून तो स्वतःच उपग्रहावरून देशभर पोचवला. पुढे अशा कार्यक्रमांच्या वितरणासाठी ‘अमेरिकन पब्लिक रेडिओ’ ही वेगळी संस्थाच उभी राहिली.

शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, असे दोन तास. त्यात ब्लूग्रास, गॉस्पेल, जॅझ, लोकगीतं, मधूनच ऑपेराची गायिका. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्ससारखे नामवंत पाहुणे यायचे. मध्यंतरात प्रेक्षकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले निरोप कीलर वाचून दाखवायचे: अमुक गावच्या आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमुक मित्राला नमस्कार. प्रहसनांत गाय न्वार हा कफल्लक खासगी गुप्तहेर आणि डस्टी व लेफ्टी हे दोन कुरकुरे काउबॉय ठरलेले.

सार्वजनिक रेडिओवर व्यापारी जाहिराती चालत नाहीत. म्हणून कीलर यांनी जाहिराती स्वतःच रचल्या, अस्तित्वातच नसलेल्या मालाच्या. ‘पावडरमिल्क बिस्किटं’ लाजाळू माणसांना उठून कामाला लागायचं बळ देत. ती तपकिरी पिशवीतूनही मिळत आणि पिशवीवरचे गडद डाग हीच ताजेपणाची खूण. ‘केचप सल्लागार मंडळ’ संसारातल्या प्रत्येक कुरबुरीवर केचपचा उतारा सुचवायचं. दुकानाचं नाव तर ‘राल्फचं बऱ्यापैकी किराणा दुकान’. हे दुकान ज्या काल्पनिक गावात, तिथल्या माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठा दावा निघायचाच नाही.

या सगळ्या लटक्या जगाला हाडामांसाचं करायचे ध्वनिपरिणाम. रेडिओच्या श्रुतिकांची ही जुनी कारागिरी. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, सेलोफेन चुरगाळला की शेकोटी पेटते, कॉर्नस्टार्चची पिशवी दाबली की बर्फात पावलं रुततात. टॉम कीथ हे काम सर्वांसमोर, मंचावर उभं राहून करत. कीलर त्यांना मुद्दाम कोंडीत पकडायचे. कथा बोलता बोलता कुठल्या कुठे न्यायची, मध्येच एखादा भलताच प्राणी नाहीतर यंत्र आणून सोडायचं आणि कीथ आता काय करतात ते बघत उभं राहायचं. कीथना विचार करायला सेकंदही मिळत नसे. तोंडाने, हाताने, समोर सापडेल त्या वस्तूने तो आवाज काढावाच लागे. घरचा श्रोता आवाजाला हसायचा, नाट्यगृहातला प्रेक्षक कीथ यांच्या धावपळीला. एकाच वाक्यावर दोन ठिकाणी दोन वेगळे विनोद घडत. कीथ २०११मध्ये गेले. त्यांच्यानंतर हे काम मुख्यतः फ्रेड न्यूमन यांनी सांभाळलं.

कार्यक्रमाचा गाभा मात्र लेक वोबिगॉन. हे गाव कीलर यांच्या डोक्यातलं. राज्याची मोजणी चार कडांकडून आत सुरू झाली, मोजणीदारांच्या रेषा मध्यावर एकमेकींवर चढल्या आणि चूक निस्तरताना हा सगळा भागच नकाशातून गळाला, असं त्यांनी त्याचं कारणही रचलं होतं. गावात नॉर्वेजियन ल्यूथरन आणि जर्मन कॅथलिक, अविवाहित म्हातारे शेतकरी, एक कॅफे, एक दारूचा गुत्ता. हातात कागद न घेता कीलर वीसेक मिनिटं या गावची ख्यालीखुशाली सांगत. गोष्ट कुणाच्या नादुरुस्त ट्रॅक्टरवरून निघून कुणाच्या मरणापर्यंत पोचे, तरी आवाज चढत नसे. पु. लं.च्या ‘बटाट्याच्या चाळी’त मराठी माणूस जसा मनाने राहून आला, तसे लाखो अमेरिकन या गावात राहून आले. तिथली सगळी मुलं सरासरीपेक्षा हुशार असतात, ही कीलर यांची कोपरखळी मानसशास्त्रातही शिरली. बहुतेक माणसं स्वतःला सरासरीहून सरस समजतात, या प्रवृत्तीला ‘लेक वोबिगॉन इफेक्ट’ म्हणतात.

गाव खोटं, बिस्किटं खोटी, घोडासुद्धा करवंटीचा. तरी श्रोत्यांना फसवल्यासारखं का वाटत नसे? कारण एक गोष्ट शंभर टक्के खरी होती: वेळ. आवाज चुकला तर तो देशभर चुकायचा. गाणं लांबलं तर पुढचं प्रहसन तिथल्या तिथे आखडावं लागायचं. माणसं आत्ता, या घटकेला, आपल्यासाठी धडपडताहेत हे कानाला कळतं. त्या बळावर बाकीचा खोटेपणा खपून जायचा.

पण हे सगळं एकाच माणसाच्या आवाजावर उभं होतं. १९८७मध्ये कीलर कार्यक्रम बंद करून डेन्मार्कला गेले. १९८९मध्ये न्यूयॉर्कहून वेगळ्या नावाने त्यांनी तसाच कार्यक्रम सुरू केला, पुढे ते मिनेसोटाला परतले आणि १९९३मध्ये जुनं नावही परत आलं. २००६मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी त्यावर चित्रपट काढला, तो त्यांचा अखेरचा. जुलै २०१६मध्ये हॉलिवूड बोलमधल्या प्रयोगानंतर कीलर यांनी सूत्रं मँडोलिनवादक क्रिस थीली यांच्याकडे दिली. नोव्हेंबर २०१७मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांवरून मिनेसोटा पब्लिक रेडिओने कीलर यांच्याशी संबंध तोडले आणि कार्यक्रमाचं जुनं नावही गेलं. ‘लाइव्ह फ्रॉम हिअर’ या नव्या नावाने थीली यांनी तो चालवला. संगीत अव्वल होतं, पण ते गाव राहिलं नव्हतं. २०२०मध्ये करोनाने नाट्यगृहं बंद पाडली, पैशाची ओढाताण झाली आणि जूनमध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला.

आज पॉडकास्ट काढायला फोन पुरतो. अडखळलेलं वाक्य कापता येतं, पडलेला विनोद गाळता येतो. कीलर आणि मंडळींना ती सोय नव्हती, आणि त्यांचा कार्यक्रम इतकी वर्षं टिकला तो ती सोय नव्हती म्हणूनच. तसं काही पुन्हा उभं करायचं असेल, तर पहिली अट तीच राहील: पडलेला विनोद सगळ्यांदेखत पडू द्यायचा आणि पुढचा सुरू करायचा.