जुन्या गाडीचा एसी (लेखांक ५) : सिग्नलला गारवा का पळतो?

गेल्या आठवड्यात आपण कॉम्प्रेसरपासून कूलिंग कॉइलपर्यंत गॅसचा फेरा पाहिला. आता जुन्या गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार घेऊ. सोलापूर रस्त्यावर छान गार राहिलेली गाडी हडपसरच्या कोंडीत अडकली, की दोन-चार मिनिटांत कोमट हवा फेकू लागते. कोंडी सुटून वेग आला की पुन्हा गार. गॅस कमी असता तर मोकळ्या रस्त्यावरही गारवा अपुराच राहिला असता. इथे कमी पडते ती कन्डेन्सरवरून वाहणारी हवा.

१४८९ सीसी इंजिनाची जुनी ॲम्बॅसेडर घ्या. तिचा पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावर बसलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा वेग इंजिनाच्या हाती. पळताना मिनिटाला २,४०० फेरे घेणारं इंजिन सिग्नलला ८०० वर आलं, तर पंखा ओढतो ती हवाही साधारण एक तृतीयांशावर येते. समोरून येणारा वारा तर थांबलेलाच असतो. शिवाय हा पंखा आखला गेला तो केवळ इंजिनाचं पाणी थंड ठेवण्यासाठी. डॅशबोर्डखालचा एसी आणि रेडिएटरपुढचा कन्डेन्सर नंतर कुणीतरी बसवला.

हवा नसली की काय होतं? आर-१३४ए गॅस ४० अंशांना सुमारे १३५ पीएसआय दाबावर द्रवरूप होतो. ६० अंशांना त्यालाच २३०च्या आसपास दाब लागतो. उष्णता बाहेर पडेना, की दाब चढत जातो. कॉम्प्रेसरला जास्त जोर लागतो, पट्टा घसरू लागतो, कन्डेन्सरची गरम हवा मागच्या रेडिएटरवर जाते आणि इंजिनाचा काटाही वर सरकतो. मुळात आर-१२ वर चालणाऱ्या गाडीत नंतर आर-१३४ए भरला असेल तर हा त्रास आणखी जाणवतो, कारण एवढ्या तापमानाला त्याचा दाब आर-१२ पेक्षा जास्त असतो.

अशा वेळी ‘थोडा गॅस टाकून बघू’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. जादा गॅसचा द्रव कन्डेन्सरचा तळ अडवून बसतो, उष्णता सोडायला जागा कमी उरते आणि दाब आणखी वाढतो. आधी कन्डेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. तिथे वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला असतो. पाण्याच्या हलक्या धारेने तो मागून पुढे काढा. जोराच्या धारेने नाजूक पत्र्या वाकतात.

एवढं करूनही सिग्नलला गारवा जात असेल, तर विजेवर चालणारा जादा पंखा बसवावा. हवा ओढणारा पंखा मागच्या बाजूला चांगला काम करतो, पण तिथे पट्ट्याच्या पंख्याने जागा व्यापलेली असते. म्हणून तो कन्डेन्सरपुढे बसतो आणि हवा आत ढकलतो. विकत घेताना ढकलणाऱ्या पात्यांचाच घ्या. तारा उलट जोडून फिरण्याची दिशा बदलते, पात्यांचा बाक बदलत नाही. बसवल्यावर जाळीसमोर कागद धरा. तो आत खेचला गेला पाहिजे. प्लास्टिकच्या पट्ट्या कन्डेन्सरमधून ओवून पंखा बांधण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. थरथरीने पट्टी नळीला घासते आणि एक दिवस सगळा गॅस जातो. रेडिएटरच्या चौकटीला लोखंडी पट्ट्या लावून पंखा त्यांवर बसवावा.

बारा व्होल्टचा असा पंखा साधारण १० अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. एसीच्या बटणावरून ही वीज नेऊ नका. रिले लावा: त्याला इशारा कॉम्प्रेसरच्या क्लचच्या तारेवरून, मुख्य वीज थेट बॅटरीवरून. फ्यूज बॅटरीजवळच हवा, म्हणजे पुढे तार कुठेही घासली तरी आग लागण्याआधी तो उडेल.

सगळ्यात दुर्लक्षित भाग पुढे आहे. पंख्याची गरज सर्वाधिक असते ती आयडलिंगला, आणि नेमकी तेव्हाच गाडी सर्वांत कमी वीज तयार करते. पंखा, ब्लोअर, क्लच आणि रात्री हेडलाइट मिळून मागणी सहज २५ अँपिअरवर जाते. फार जुन्या गाडीत डायनामो असेल, तर त्याची पूर्ण क्षमताच विसेक अँपिअरच्या आसपास असते आणि आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही. बॅटरी उतरत जाते आणि दोष पंख्यावर येतो. अशा गाडीत आधी अल्टरनेटर बसवा, पंखा त्यानंतर.

काम झाल्यावर नुसत्या हाताने गारवा जोखू नका. इंजिन आयडलिंगला ठेवून गेज लावा. ३५ अंशांच्या दिवशी जास्त दाबाच्या बाजूला २०० ते २५० पीएसआय दिसायला हवेत. पंखा फिरत असूनही काटा त्याच्या बराच वर राहत असेल, तर गॅस जादा तरी भरला आहे, नाहीतर आत हवा शिरली आहे. ती हवा व्हॅक्यूम करून कशी काढायची आणि त्याच वेळी ड्रायर का बदलायचा, ते पुढच्या आठवड्यात.