पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील सायकलवापर आणि आरोग्य

नियमित सायकल चालवणे हा हृदय, फुप्फुसे आणि पायांच्या मोठ्या स्नायूंना काम देणारा एरोबिक व्यायाम आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात सायकल हे दीर्घकाळ कामगारांचे वाहन होते. अलीकडे तिच्याकडे व्यायामाचे साधन म्हणूनही पाहिले जाते.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर भोसरी, चिंचवड आणि आकुर्डी परिसरात कारखान्यांची वाढ झाली. त्या काळात पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई आणि अनेक कामगार पाळीला सायकलवरून जात. पुढे स्कूटर, मोटारसायकल व कंपनीच्या बसगाड्यांमुळे हा वापर घटला. चाकणमध्ये वाहनउद्योग विस्तारल्यानंतर घर आणि कारखाना यांमधील अंतरही वाढले.

आरोग्यविषयक लाभ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र स्वरूपाचा व्यायाम करावा. मोशी ते चाकण हे अंतर सुमारे १० किलोमीटर आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाऊन-येऊन सुमारे ८० मिनिटे लागतात. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस असा प्रवास केला तरी किमान मर्यादा पूर्ण होते. ६० किलो वजनाची व्यक्ती अशा एका दिवसात अंदाजे ३२० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते.

सायकल चालवताना स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि इन्सुलिनला पेशींचा प्रतिसाद सुधारतो. त्यामुळे टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होण्यास मदत होते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळत असल्याने औद्योगिक पट्ट्यात या लाभाला विशेष महत्त्व आहे. शरीराचे बरेचसे वजन सीटवर पेलले जात असल्याने धावण्याच्या तुलनेत गुडघे व घोट्यांवर आघात कमी होतो. मात्र याच कारणाने हाडांच्या बळकटीसाठी सायकल पुरेशी नसते. त्यासाठी चालणे किंवा वजन उचलण्याचे व्यायाम जोडीला लागतात.

ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार व्यक्तींवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा एकूण धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

जोखीम व मर्यादा

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता यांवर कंटेनर व मालट्रकांची मोठी वर्दळ असते. अपघाताचा धोका आणि धूर या येथील मुख्य अडचणी आहेत. नेदरलँड्समधील परिस्थितीवर आधारित २०१० च्या एका विश्लेषणात व्यायामामुळे वाढणारे आयुष्य प्रदूषण व अपघातांमुळे होणाऱ्या हानीपेक्षा बरेच अधिक असल्याचे दिसले. परंतु तेथे सायकलसाठी स्वतंत्र मार्गांचे जाळे आहे. त्यामुळे तो निष्कर्ष अवजड वाहतुकीच्या रस्त्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. रात्रपाळीनंतर झोपेच्या अभावामुळे सावधपणा कमी होतो, म्हणून त्या वेळी सायकल चालवणे अधिक धोक्याचे ठरते.

हेल्मेट, पुढे-मागे दिवे, परावर्तक पट्ट्या आणि अंतर्गत रस्त्यांचा वापर यांमुळे धोका कमी होतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची ठेवल्यास गुडघेदुखी टळण्यास मदत होते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यानंतरच सुरुवात करावी.

सार्वजनिक धोरण

केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानांतर्गत २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा सुरू झाली. २०२१ मध्ये पुरस्कारासाठी निवडलेल्या ११ शहरांमध्ये पिंपरी-चिंचवडचा समावेश होता. चाकण मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. त्यामुळे निवासी भाग आणि कारखाने यांना जोडणाऱ्या सलग सायकलमार्गासाठी एकाहून अधिक यंत्रणांचा समन्वय आवश्यक ठरतो.