कवळी आणि कानापुढचा सांधा

सगळे दात गेले, कवळी बसली, म्हणजे दातांचा प्रश्न कायमचा मिटला, अशी ज्येष्ठांची समजूत असते. काही वर्षांनी जेवताना कानापुढे ठणका लागतो, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज होतो, कानशिले जड होतात. मग कानाच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू होतात, मानेचा एक्स-रे काढला जातो; जुनी कवळी मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

दोन्ही कानांच्या लगेच पुढे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडल्यास हा सांधा सरकताना जाणवतो. तोंड मिटताना जबड्याने कोठे थांबावे, हे नैसर्गिक दात ठरवितात. ते गेल्यावर ही जबाबदारी कवळीवर येते.

कवळी तीच राहते, पण तिच्याखालचे हाड झिजत जाते. खालच्या जबड्याचे तर वरच्यापेक्षा सुमारे चौपट. कवळीचे दातही घासले जातात. परिणामी जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिरतात. सैल कवळी सावरून धरता धरता चेहऱ्याचे स्नायू थकतात.

दात गमावलेल्यांच्या कानदुखीचा संबंध या सांध्याशी आहे, असे अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढील संशोधनाने ही मांडणी अपुरी ठरविली. कवळी वापरणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही. संधिवात, मानसिक ताण, दातांवर दात आवळण्याची सवय हीही कारणे असतात. वेदना नसलेल्या नुसत्या आवाजाला बहुधा उपचार लागत नाहीत.

उपचार बहुतांशी साधे आहेत. काही दिवस मऊ आहार, कोमट शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार. कवळी सैल असेल तर आतून नवे अस्तर देता येते; दात फार घासले असतील तर योग्य उंचीची नवी कवळी करावी लागते. ही उंची एकदम न वाढविता टप्प्याटप्प्याने वाढविणे हिताचे असते. घरच्या घरी कवळी कानशीने घासणे किंवा चिकटवणे मात्र टाळावे.

छत्रपती संभाजीनगरात घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात आणि कांचनवाडीच्या दंत महाविद्यालयात कवळीची तपासणी होऊ शकते. दुखत नसले तरी वर्षातून एकदा ती दाखवावी.

दोन लक्षणांत मात्र क्षणाचाही विलंब नको. श्रम करताना जबड्यासह छातीत दडपण येणे हा हृदयविकाराचा इशारा असू शकतो. चावताना जबडा दुखून कानशिलात नवी डोकेदुखी व दृष्टीत अंधुकपणा आल्यास रक्तवाहिनीचा दाह संभवतो. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. अशा वेळी दंतवैद्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वय झाले की दुखायचेच, असे म्हणून घरातील वृद्ध गप्प राहतात आणि हळूहळू जेवण कमी करतात. आजोबांनी भाकरी सोडून नुसता वरणभात का धरला, हे घरच्यांनी एकदा विचारून पाहावे.