जुना ट्रॅक्टर विकला, पण आरसीवर नाव कोणाचे? विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने काय करावे

परभणी जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरचा सौदा बहुतेक वेळा ओळखीतच होतो. इसार दिला जातो, बाँडपेपरवर लिहून घेतात, दोन साक्षीदार सह्या करतात आणि ट्रॅक्टर नव्या मालकाच्या दारात उभा राहतो. आरसीवर मात्र जुन्याच मालकाचे नाव राहते. 'करू सावकाश' म्हणत वर्षे जातात. अपघात झाला की हीच ढिलाई दोघांनाही महागात पडते.

विकणाऱ्याला धोका काय?

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हा प्रश्न स्पष्ट केला. त्या प्रकरणातील गाडी २००७ मध्ये विकली गेली होती आणि पुढे आणखी काही हातांतून गेली. २००९ मध्ये अपघात झाला तेव्हा नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे बाँडपेपर हा दोघांमधील व्यवहाराचा पुरावा आहे. अपघातग्रस्ताच्या दाव्यापासून तो विकणाऱ्याला वाचवत नाही.

घेणाऱ्याने आधी काय तपासावे?

एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहन सेवा पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून माहिती पाहता येते. एमएच-२२ म्हणजे परभणीची नोंदणी.

- बोजा : सातबारावर असतो तसा आरसीवरही कर्जाचा बोजा असतो. बँक किंवा फायनान्स कंपनीचे नाव दिसले, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी जमीन तारण असेल, तर सातबारावरचा बोजाही वेगळा उतरवावा लागतो.
- चेसिस आणि इंजिन क्रमांक : आरसीवरचे क्रमांक ट्रॅक्टरवर कोरलेल्या क्रमांकांशी जुळवा.
- नोंदणीची मुदत : शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण लागते.
- ट्रॉली : ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. सौद्यात ट्रॉली असेल, तर तिचीही आरसी मागा.
- विमा आणि ई-चलन : विमा चालू आहे का, दंड थकलेला आहे का, ते पाहा.

कोणता फॉर्म कशासाठी?

- फॉर्म २९ : वाहन विकल्याची सूचना.
- फॉर्म ३० : नाव बदलण्याचा अर्ज.
- फॉर्म ३५ : बोजा उतरवण्यासाठी, त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेचीही सही लागते.
- फॉर्म २८ : ना-हरकत प्रमाणपत्र. ट्रॅक्टर तेलंगणासारख्या दुसऱ्या राज्यातील नोंदणीचा असेल, तर ते मूळ कार्यालयातून आणावे लागते.

यांसोबत मूळ आरसी, विमा आणि ओळख व पत्त्याचे पुरावे लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याची पद्धत दोघांसाठीही धोक्याची आहे. घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि वाहन क्रमांक भरल्यावरच सही करा.

मुदत किती?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन राज्यातच विकले तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात विकल्यास ही मुदत ४५ दिवसांची आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवणे हे घेणाऱ्याचे काम. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते. पण पॉलिसीवर नाव बदललेले नसेल, तर स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा दावा अडकतो.

मालक हयात नसेल तर?

वडिलांच्या नावावरचा ट्रॅक्टर मुलाने परस्पर विकणे, ही गावोगावची अडचण आहे. ट्रॅक्टर वापरणाऱ्या वारसाने मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ट्रॅक्टर आपल्या नावावर करून घ्यावा. विक्री त्यानंतरच करावी. इतर वारसांची संमती लेखी असलेली बरी, नाहीतर घरातला वाद नव्या मालकाच्या दारात येतो.

डीलरला विकत असाल तर?

१ एप्रिल २०२३ पासून जुनी वाहने घेणाऱ्या डीलरला आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र लागते. वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर द्यायची असते. ती नोंद झाल्यावर वाहनाची जबाबदारी डीलरवर येते. त्यामुळे आधी प्रमाणपत्र पाहा आणि सूचना दिल्याची पोच जपून ठेवा.

पैसे कधी चुकते करावेत?

रकमेचा काही भाग नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात लिहा. ताबा दिल्याची तारीख आणि वेळही त्यात असू द्या. अर्जाची पावती दोघांनीही ठेवावी आणि काही दिवसांनी ॲपवर मालकाचे नाव बदलले का, ते विकणाऱ्यानेही स्वतः पाहावे.