गोवा कॅन्सल, चलो बुऱ्हाणपूर!

दहावीच्या गँगचं रियुनियन म्हटलं की पुणे-मुंबईवाले आधी गोव्याचंच तिकीट बघतात. आमच्या रावेरच्या ग्रुपमध्ये मात्र एकाचा निरोप आला, ‘‘मला मोजू नका भो. केळीला पाणी द्यायचंय, लाइट रात्रीची आहे.’’ मागच्या दोन्ही भेटींत तोच नव्हता. म्हणून या वेळी मी बुऱ्हाणपूरचा हट्ट धरला. भुसावळ-खंडवा लाइनवर रावेरहून साधारण अर्धा तास. तो दिवसभर आमच्यात, रात्री शेतात!

आणि शहर म्हणाल तर काय नाही? तापीकाठी शाही किल्ला, त्यातला रंगीत छताचा हमाम. १६३१मध्ये मुमताज महल इथेच गेली; ताजमहालाआधी तिचं दफन नदीपलीकडच्या आहुखान्यात झालं होतं. १६१५चा कुंडी भंडारा तर चुकवूच नका. सातपुड्यातलं पाणी भुयारातून, कुठल्याही मोटरशिवाय शहरात यायचं. (आमचा शेतकरी तिथून हलणार नाही, लिहून घ्या.) जामा मशिदीत चक्क संस्कृत शिलालेख आहे. पोटासाठी मावा जिलबी आणि दराबा.

सगळ्या एक्स्प्रेस रावेरला थांबत नाहीत, तेव्हा टाइमटेबल आधी बघा. त्याचा रिप्लाय आलाय, ‘‘सहाला निघावं लागेल. जिलबी दुपारीच खाऊ.’’